पऱ्हाटीचा बायोचार आणि मिरचीची उगवण: रोपवाटिकेतल्या नोंदी

ठिकाण: जालना जिल्हा, भोकरदन तालुका. गटाची मिरची रोपवाटिका, शेडनेट ५० टक्के. पाणी विहिरीचं, पीएच ७.८, ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या खारांचं माप) १.१. आसपासची जमीन काळी, चुनखडीची, पीएच ८.३.

२ फेब्रुवारी

गुलाबी बोंडअळीमुळे कापसाच्या पऱ्हाट्या शेतात ठेवायच्या नसतात, फरदड (वेचणी संपल्यावर त्याच झाडांवर राखलेलं पुढचं पीक) तर नाहीच. त्यामुळे जानेवारीत उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर तयार आहेत. एरवी ते पेटवून देतात. त्यांचा बायोचार, म्हणजे कमी हवेत जाळून केलेला कोळसा, करून प्रो-ट्रेमधल्या (रोपांच्या कप्प्यांच्या ट्रेमधल्या) कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) तो किती टक्के चालतो, बी उगवायला त्याचा त्रास होतो का आणि पहिल्या चाळीस दिवसांत रोप कसं वाढतं, एवढंच तपासायचं आहे.

पऱ्हाटीवर उरलेली किडकी बोंडं, नख्या आधी वेगळ्या काढून जाळल्या. ढिगात राहिलेली अळी कोश करून पुढच्या हंगामात निघते, म्हणून ती बोंडं बायोचारच्या दिवसापर्यंत ठेवायची नाहीत. काडी वाळली की नाही ते हातात मोडून पाहायचं. कडकन मोडली तर ठीक. वाकून सालीला लोंबली तर अजून आठ दिवस ऊन द्यायचं. ओल्या काडीची उष्णता पाणी उडवण्यातच जाते आणि कोळसा अर्धवट होतो.

६ फेब्रुवारी: ड्रम

२०० लिटरचा लोखंडी ड्रम, तळाला भोकं, वर झाकण. काड्या वीतभर लांबीच्या तोडून १६ किलो भरल्या. तळातून हवा मिळावी म्हणून ड्रम तीन दगडांवर ठेवला आणि वरून पेटवला. पाऊण तासाने झाकण लावून तळाच्या भोकांना ओली माती लिंपली. दुसऱ्या दिवशी उघडल्यावर ४ किलो २०० ग्रॅम माल निघाला.

वजनाच्या हिशोबाने हे छान दिसतं. पण वरच्या तिसऱ्या हिश्श्यातला माल काळा नव्हता, तपकिरी होता, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला डांबरासारखा चिकट थर बसला होता. झाकण लावताना धूर अजून पांढरा-पिवळसर होता. तो धूर म्हणजे लाकडातून निघणारी वाफच. तिला बाहेर जायला वाट राहिली नाही, तर वरच्या थंड कोळशावर तीच पुन्हा बसते.

ओळखायची सोपी पद्धत: तुकडा तळहातावर चोळायचा आणि हात साध्या पाण्याने धुवायचा. काळेपणा पाण्याने गेला तर माल चांगला. साबण लागला, हात तेलकट राहिला, तर त्यात डांबर आहे. या मालाला साबण लागला.

९ फेब्रुवारी: खड्डा

शंकूच्या आकाराचा खड्डा, तोंडाचा व्यास दीड मीटर, खोली ९० सेंमी. माती चोपून गुळगुळीत केली. तळाशी बारीक काड्यांचा जाळ करून त्यावर पऱ्हाट्यांचे पातळ थर देत गेलो. पुढचा थर कधी द्यायचा हे ज्वाळा पाहून ठरवायचं नाही, निखारा पाहून ठरवायचं. वरच्या काड्यांवर पांढरी राख धरायला लागली की लगेच पुढचा थर. उशीर केला तर कोळशाची राख होते. घाई केली तर जाळ दबतो आणि धूर सुटतो. वरचा जाळ खालच्या कोळशाला मिळणारी हवा खातो, म्हणून या पद्धतीला झाकण लागत नाही. धूरही जवळजवळ होत नाही.

सुमारे दीडशे किलो काडी अडीच तासांत जिरली. विझवायला ३०० लिटर पाणी लागलं. ते एकदम ओतायचं नाही, कडेकडेने सोडायचं आणि आपलं तोंड लांब ठेवायचं, कारण वाफ जोरात उसळते. वरून विझलेला दिसणारा ढीग आत जिवंत असतो. कोरडा उचलून गोणीत भरला तर रात्रीतून गोणी पेटते. आम्ही खड्डा रात्रभर पाण्याखालीच ठेवला आणि सकाळी माल ताडपत्रीवर चार बोटं जाडीने पसरला.

ओला माल साधारण २०० लिटर. हा हाताला तेलकट नाही, तुटताना काचेसारखा आवाज येतो. पण राख बरीच आहे.

११ फेब्रुवारी: पीएच, ईसी

दोन्ही नमुने वाळवून खलबत्त्यात कुटले. १० ग्रॅम भुकटी, १०० मिली डिस्टिल्ड वॉटर, तासभर अधूनमधून हलवून मग वरचं पाणी मोजलं. मीटर पेनासारखा, साधा. पीएचचा आदल्या दिवशी ७ आणि १० च्या बफरवर (ठरलेल्या पीएचच्या द्रावणावर) जुळवून घेतला. फक्त ७ वर जुळवला तर १० च्या आसपास तो काहीही दाखवतो.

ड्रमचा माल: पीएच ८.२, ईसी ०.९.
खड्ड्याचा माल: पीएच १०.१, ईसी ३.४.

एवढ्यावरून ड्रमचा माल बियाण्याला बरा आणि खड्ड्याचा वाईट असं वाटेल. मिरची खारटपणाला नाजूक, त्यामुळे ३.४ आकडा पाहून खड्ड्याचा माल फेकून द्यायची इच्छा होते. अळीव टाकून पाहिल्याशिवाय काही ठरवायचं नाही.

१२ ते १५ फेब्रुवारी: अळिवाची चाचणी

कंपोस्ट पक्व झालं का, त्यात काही विषारी उरलं का, हे तपासायला जगभर जे बी वापरतात ते अळीवच. किराणा दुकानात मिळतं, दोन दिवसांत मूळ काढतं आणि वाईट पाण्याला पटकन प्रतिसाद देतं. मिरचीच्या महागड्या संकरित बियाण्यावर असले प्रयोग करायचं कारण नाही. दहा-बारा दिवस थांबावं लागतं ते वेगळंच.

पद्धत: ९ सेंमीच्या बशीत गाळणकागद, त्यावर २० बिया कोरड्याच चिमट्याने अंतरावर मांडायच्या, मग ५ मिली अर्क (भुकटी भिजवून वर आलेलं पाणी) कडेने सोडायचा. आधी कागद भिजवला तर अळिवाला लगेच बुळबुळीत आवरण येतं, बी जागेवरून हलत नाही आणि दोन-दोन चिकटतात. प्रत्येक अर्काच्या चार बश्या, शेजारी साध्या डिस्टिल्ड वॉटरच्या चार. अंधारात, २५ ते २७ अंशांना, ७२ तास. फेब्रुवारीच्या रात्री इथे गार असतात, म्हणून बश्या थर्मोकोलच्या खोक्यात कोमट पाण्याच्या बाटलीसोबत ठेवल्या.

मोजायच्या दोन गोष्टी: किती रुजल्या आणि मूळ किती मिमी. दोन्हींचा गुणाकार करून साध्या पाण्याच्या गुणाकाराने भागायचं, गुणिले १००. हा उगवण निर्देशांक. ८० च्या वर असेल तर चिंता नाही, ५० च्या खाली असेल तर तो माल बियाण्याजवळ न्यायचा नाही.

साधं पाणी: २० पैकी १९ रुजल्या, मूळ ३१ मिमी.
खड्डा, न धुतलेला: १६ रुजल्या, मूळ १४ मिमी. निर्देशांक ३८.
ड्रम: ११ रुजल्या, मूळ ९ मिमी. निर्देशांक १७.

म्हणजे मीटरवर चांगला दिसणारा ड्रमचा माल अळिवावर दुपटीने वाईट निघाला. मुळांतही फरक आहे. खड्ड्याच्या अर्कातली मुळं आखूड पण पांढरी. ड्रमच्या अर्कातली टोकाला तपकिरी, जाडसर, केसमुळं नाहीतच.

१६ फेब्रुवारी: बंद बरणी

खारामुळे बिघडतंय की डांबरामुळे, हे वेगळं करायला बंद बरणी पुरते. झाकणाच्या काचेच्या बरणीत तळाला १० ग्रॅम किंचित ओला कोळसा, त्यावर उलटी वाटी, वाटीवर साध्या पाण्याने भिजवलेला कागद आणि २० बिया. बी आणि कोळसा यांचा स्पर्श नाही. खार उडून वर जात नाहीत. उडून जाते ती वाफ. इथे बी अडलं तर दोष वाफेत आहे.

१९ तारखेला उघडलं. खड्ड्याच्या बरणीत १९ रुजल्या, ड्रमच्या बरणीत १०. ड्रमच्या बरणीचं झाकण काढताच धुरकट आंबट वास आला.

तीन पाण्यांनी धुतलेल्या ड्रमच्या मालाचा अर्कही सोबत लावला होता. निर्देशांक २६. धुण्याने खार जातात, डांबर जात नाही. बायोचार धुऊन घ्या असा सल्ला सगळीकडे मिळतो, पण तो राखेच्या मालाला लागू आहे. डांबराच्या मालाला पुन्हा तापवण्याशिवाय उपाय नाही.

१७ ते १९ फेब्रुवारी: धुणं

खड्ड्याचा माल गोणपाटात भरून टाकीत सोडला. कोळसा तरंगतो, गोणीवर दगड ठेवावा लागतो. एक भाग माल, पाच भाग पाणी. लगेच उपसलं तर फक्त वरवरची राख निघते. खार छिद्रांच्या आत असतो, तो रात्रभर भिजल्यावरच बाहेर येतो.

धुतल्यानंतरच्या पाण्याची ईसी: पहिलं ४.१, दुसरं २.३, तिसरं १.५, चौथं १.३. विहिरीचं पाणीच १.१ आहे, त्यामुळे चौथ्यानंतर त्याच पाण्याने धुणं म्हणजे नुसता उपसा. शेवटचा हात शुद्ध पाण्याच्या जारने दिला, २० लिटरला ३० रुपये, असे पाच जार. पावसाळ्यात हाच माल पत्र्याच्या पागोळीखाली ठेवला असता तर फुकट झालं असतं.

नंतरचा अर्क: पीएच ८.९, ईसी ०.६. अळिवावर १९ रुजल्या, मूळ २९ मिमी, निर्देशांक ९४.

पीएच आणखी खाली आणण्यासाठी एका बादलीत लिंबूसत्त्व लिटरला ३ ग्रॅम घालून पाहिलं. तासाभरात ६.८ दिसला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा ८.४. आतले कार्बोनेट हळूहळू विरघळत राहतात. पैसे आणि वेळ वाया. कोकोपीट स्वतः थोडं आम्ल असतं, मिश्रणात पीएच तेच आवरतं.

पहिल्या दोन धुण्यांचं पाणी पोटॅशने भरलेलं असतं. ते शेणाच्या खड्ड्यात सोडलं.

ड्रमचा सगळा माल १८ तारखेला दुसऱ्या खड्ड्याच्या जाळात, शेवटच्या तीन थरांच्या आधी, पसरून टाकला. तो पेट घेतो, मिनिटभर पिवळा जाळ येतो, मग शांत होतो. तो पिवळा जाळ म्हणजेच डांबर. विझवून, धुऊन पुन्हा अळीव लावलं: निर्देशांक ८८. इथून पुढे ड्रम बंद. ज्यांच्याकडे ड्रमच आहे त्यांनी धूर पातळ, निळसर होऊन जवळजवळ दिसेनासा होईपर्यंत झाकण लावू नये. माल थोडा कमी मिळेल, पण वापरता येईल.

२० फेब्रुवारी: भरड आणि चाळण

ओलसर असतानाच गोणीत भरून वरून ट्रॅक्टरचं चाक फिरवलं. कोरडा कुटला तर धूळ फुफ्फुसात जाते, त्यामुळे मास्क असला तरी कोरडा कुटायचा नाही.

४ मिमीच्या चाळणीतून पडलेला आणि १ मिमीच्या चाळणीवर राहिलेला, तेवढाच ट्रेसाठी. प्रो-ट्रेच्या कप्प्याचं भोक लहान असतं. बारीक भुकटी पाण्याबरोबर खाली जाऊन तिथे चिखलासारखी बसते आणि कप्पा निचरत नाही. २०० लिटरमधून कामाचा माल ११० लिटर निघाला. राहिलेली भुकटी वेगळ्या गोणीत.

२१ फेब्रुवारी: माल भारणं

कोरा बायोचार अमोनियम धरून ठेवतो. रोपाला द्यायचं खत आधी तोच पितो. म्हणून पेरणीआधी त्याला भरवून घ्यायचं. दोन प्रकारे करून पाहिलं.

पहिला: चार भाग बायोचार, एक भाग चाळलेलं गांडूळखत, मुठीत धरल्यावर पाणी न गळता ओल लागेल इतका ओलावा, सावलीत झाकून पेरणीपर्यंत. आठवड्यातून एकदा खालीवर.

दुसरा: बायोचार एक दिवस गोमूत्रात, एकास पाच पाणी, नंतर निथळून झाकून.

गोमूत्राचा ढीग तिसऱ्या दिवशी हलवला तेव्हा डोळे चुरचुरले. गोमूत्रातल्या युरियाचा अमोनिया होतो, आणि पीएच ९ च्या आसपास तो द्रवात न राहता वायू होऊन सुटतो. ट्रेमध्ये काय होतं ते पाहण्यासाठी हा प्रकार चाचणीत ठेवला.

७ मार्च: ट्रे भरले

बियाण्याची कागदावरची उगवण आधी घेतली होती: ५० बियांचे चार गट, ८८ टक्के. मिरचीच्या प्रमाणित बियाण्याला किमान ६० टक्के लागते, म्हणजे लॉट चांगला आहे. हा आकडा हाताशी नसेल तर ट्रेमध्ये कमी उगवल्यावर दोष कोणाचा ते कळत नाही.

९८ कप्प्यांचे ट्रे, प्रत्येक मिश्रणाला चार अर्धे ट्रे, म्हणजे १९६ बिया. अर्धे ट्रे चिठ्ठ्या टाकून जागेवर मांडले. शेडनेटची दक्षिण बाजू लवकर सुकते, एकच मिश्रण तिथे आलं तर निकाल त्या बाजूचा येतो, मिश्रणाचा नाही.

सर्व मिश्रणांत गांडूळखत एकूण १० टक्केच राहील असं जमवलं. हे महत्त्वाचं आहे. बायोचारच्या ट्रेमध्ये गांडूळखत आणि साध्या ट्रेमध्ये नाही अशी तुलना केली तर गांडूळखताचं श्रेय बायोचारला जातं. अशा तुलना फार दिसतात.

क: कोकोपीट ९०, गांडूळखत १०. पीएच ६.३, ईसी ०.५.
ख: धुतलेला, पहिल्या प्रकारे भारलेला बायोचार १० टक्के; ग आणि घ मध्येही तोच. पीएच ६.६, ईसी ०.५.
ग: बायोचार २० टक्के. पीएच ७.१, ईसी ०.६.
घ: बायोचार ४० टक्के. पीएच ७.८, ईसी ०.८.
च: न धुतलेला बायोचार २० टक्के. पीएच ८.२, ईसी १.५.
छ: गोमूत्रातला बायोचार २० टक्के. पीएच ८.४, ईसी १.७.

पीएच-ईसीचं मोजमाप घनफळाने, एक भाग मिश्रण आणि दोन भाग डिस्टिल्ड वॉटर. बी अर्धा सेंमी खोल टोकलं, वर त्याच मिश्रणाचा थर, ट्रे एकावर एक रचून काळ्या प्लॅस्टिकने झाकले.

१५ मार्च

घ मध्ये पहिला कोंब सगळ्यांच्या आधी दिसला, क च्या जवळजवळ दीड दिवस आधी. यात खताचा काही भाग नाही. १३ तारखेला प्लॅस्टिक काढल्यावर दुपारी १ सेंमी खोल थर्मामीटर घातला तेव्हा घ चा थर क पेक्षा ३ अंश जास्त गरम होता. काळा रंग ऊन धरतो. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात सकाळी गारवा असतो, तिथे मिरचीला हे सोयीचंच.

च आणि छ मध्ये अजून काही नाही.

२१ मार्च: अंतिम मोजणी

क १६९, ख १७१, ग १६६, घ १४८, च १२१, छ ९३. टक्क्यांत: ८६, ८७, ८५, ७६, ६२, ४७.

क, ख आणि ग यांच्यात फरक नाही. ख च्या चार अर्ध्या ट्रेमध्ये आपसातच चार-पाच रोपांचं अंतर आहे, तिथे दोन रोपं जास्त म्हणजे काहीच नाही. बायोचारने उगवण वाढते हे या मिश्रणात, या लॉटवर दिसलं नाही. बी आधीच ८८ टक्के उगवणारं आहे, वाढायला जागाच कुठे? कमजोर बियाणं, कडक बसणारी माती किंवा आम्ल जमीन असेल तर गोष्ट वेगळी.

च मध्ये बी तीन दिवस उशिरा आलं. न उगवलेल्या बिया उकरून पाहिल्या: बऱ्याचशा फुगलेल्या पण फुटलेल्या नाहीत. खारामुळे बी पुरेसं पाणी ओढू शकत नाही, त्याची ही खूण. छ मध्ये उलट. बी फुटलं होतं, मूळ २ ते ३ मिमी येऊन टोक काळं पडलं होतं. अमोनियाने जळालेलं मूळ असंच दिसतं. दोन्हीकडे टक्का घसरला, पण कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. नुसती टक्केवारी लिहून थांबलं की हे हातातून जातं. म्हणून न आलेलं बी नेहमी उकरून पाहावं.

२८ मार्च: पिवळेपणा

पहिली खरी पानं आली आणि ग व घ फिके पडले. दोन्ही पिवळे म्हणून एकच उपाय करायचा नव्हता, कारण पिवळेपणा सारखा नाही.

ग मध्ये खालची पानं, दलपत्रांसकट, सारखी फिकी. नवीन पान हिरवं. ही नत्राची कमतरता, म्हणजे चार भागाला एक भाग गांडूळखत भारायला पुरलं नाही.

घ मध्ये खालची पानं हिरवट, शेंड्याचं नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या. हा लोहाचा प्रश्न. ७.८ पीएचला मिश्रणात लोह असूनही मिळत नाही. आपल्या चुनखडीच्या जमिनीत भुईमूग पिवळा पडतो तोच प्रकार.

ग ला कॅल्शियम नायट्रेट लिटरला २ ग्रॅम, झारीने आळवणी, चार दिवसांनी पुन्हा. नायट्रेट निवडलं कारण बायोचार अमोनियम जेवढं धरतो तेवढं नायट्रेट धरत नाही, ते सरळ मुळापर्यंत जातं. तुलनेसाठी क आणि ख लाही तेवढंच दिलं.

घ ला चिलेटेड लोह (विरघळलेलं राहून मुळाला घेता येईल असं बांधलेलं लोह). दुकानात पहिल्यांदा ईडीटीए प्रकारचं मिळालं. ते पीएच साडेसहाच्या वर टिकत नाही. अर्ध्या ट्रेला देऊन पाहिलं, आठवड्यात काही बदल नाही. ईडीडीएचए प्रकारचं लिटरला अर्धा ग्रॅम दिल्यावर पाचव्या दिवशी नवं पान हिरवं आलं. पण ते महाग आहे, आणि केवळ बायोचार जास्त घातला म्हणून लोह विकत आणायचं, याला शहाणपण म्हणता येणार नाही.

५ एप्रिल: ऊन

पारा ३९. पंधरा मार्चला जो काळा रंग उपयोगी पडला तोच आता नडतो. दुपारी अडीच वाजता घ च्या वरच्या थराला ४६ अंश, क ला ४१. घ मधल्या काही रोपांच्या बुंध्याला मातीलगत पांढुरकं वळं पडून रोप कलंडलं. मर रोगासारखं दिसतं, पण मर रोगात बुंधा ओला, कुजका, धाग्यासारखा होतो. हे कोरडं आणि दुपारच्या उन्हानंतर आलेलं. बुरशीनाशक ओतून उपयोग नसतो.

उपाय साधा निघाला: बोटाच्या पेराएवढा साध्या कोकोपीटचा थर वरून पसरला. दुसऱ्या दिवशी घ चा वरचा थर ४२.

पाण्याबद्दल एक गोष्ट. बायोचार पाणी धरतो हे वालुकामय, मुरमाड जमिनीत खरं आहे. कोकोपीटमध्ये उलट झालं. कोकोपीट त्याच्याहून जास्त पाणी धरतं, आणि १ ते ४ मिमीचा कोळसा मिसळल्याने हवा वाढते. ग ट्रे क च्या आधी सुकत होता. सगळ्या ट्रेना एकाच वेळी पाणी दिलं तर क चिखल होतो किंवा घ कोमेजतो. एक अर्धा ट्रे उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा आणि मग झारी उचलायची.

८ एप्रिल: काळ्या मातीतल्या पिशव्या

बाजूला मुगाच्या पिशव्या लावल्या होत्या: काळी माती नुसती, बायोचार वजनाने अर्धा टक्का आणि २ टक्के. उगवण तिन्हीकडे सारखी, उंचीतही फरक दिसला नाही.

टक्क्यांचा शेतातला अर्थ लक्षात घ्यावा. १५ सेंमी खोलीची एक हेक्टर माती म्हणजे ढोबळ मानाने २,००० टन. अर्धा टक्का म्हणजे हेक्टरी १० टन, दोन टक्के म्हणजे ४० टन, एकरी १६ टन. एवढा बायोचार कुठून आणायचा? एका खड्ड्यातून वाळलेला ३० किलोच्या आसपास निघतो. शिवाय आपल्या जमिनीचा पीएच आधीच ८ च्या वर, तिथे राखेचा कोळसा टाकून जमिनीला काही मिळत नाही. हाच माल कोकणातल्या आम्ल जांभ्या मातीत चुन्याचं कामही करेल.

१६ एप्रिल: मोजमाप आणि खर्च

प्रत्येक मिश्रणातली दहा रोपं, मुळं धुऊन, कागदी पाकिटात उन्हात वाळवून, सोनाराच्या छोट्या काट्यावर.

उंची: क १४.२, ख १४.६, ग १३.१, घ ९.८ सेंमी.
दहा रोपांच्या मुळांचं कोरडं वजन: क ०.५८, ख ०.६६, ग ०.६३, घ ०.३७ ग्रॅम.

ख आणि ग चं मूळ थोडं भारी आहे, पण वेगवेगळ्या अर्ध्या ट्रेंतली दहा-दहा रोपं घेतली की आकडे इतके इकडेतिकडे होतातच. ठामपणे सांगता येईल अशी गोष्ट एकच: ख आणि ग चा गड्डा (मुळांसकट मिश्रणाचा गोळा) ट्रेतून ओढताना फुटत नाही. कोळशाच्या तुकड्यांभोवती बारीक मुळं गुंडाळलेली दिसतात. क मधले आठ-दहा टक्के गड्डे निम्मे तुटून ट्रेतच राहिले.

खर्च. कोकोपीटची ५ किलोची वीट १८० रुपये, भिजून ७० लिटर, म्हणजे लिटरला अडीच रुपयांच्या आसपास. बायोचारला पऱ्हाटीचे पैसे धरले नाहीत, ती काढावीच लागते. खड्डा जाळणं दोन मजूर, धुणं-चाळणं एक मजूर, ४०० रुपये रोज, जारचं पाणी १५०. एकूण १,३५० रुपयांत ११० लिटर, म्हणजे लिटरला सव्वाबारा. कोकोपीट वाचवायला बायोचार करायचा असेल तर हिशोब पाचपट तोट्याचा आहे. मजुरी घरची धरली तर फुकट म्हणता येतं, पण मग घरचा दिवस फुकट धरावा लागतो. मीटर १,४००, चाळण्या ६००, अळीव २० रुपये. यातले अळिवाचे २० रुपये सगळ्यात कामाचे ठरले.

पुढच्या लॉटला ख ठेवायचं ठरलं: धुतलेला, चाळलेला बायोचार १० टक्के, तोही भारताना दोन भागाला एक भाग गांडूळखत. ४० टक्के कायमचं बाद. २० टक्के फक्त ज्यांना कॅल्शियम नायट्रेटची आळवणी वेळेवर जमते त्यांनी.

२९ एप्रिल

क, ख आणि ग मधली प्रत्येकी ६० रोपं ठिबकवर, मल्चिंगमध्ये १८ तारखेला लावली होती. नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा): क ५, ख ३, ग ४. वरकरणी तिन्ही ओळी सारख्याच उभ्या आहेत.

चाळणीखालची भुकटी तीन गोण्या साठली होती. ती गोठ्यात जनावरांखाली अंथरली आहे. ट्रेमध्ये गोमूत्राचा माल नडला तो बी लगेच टाकलं म्हणून. गोठ्यातून ही भुकटी शेणासोबत उकिरड्यात जाईल, तिथे पावसाळाभर कुजेल आणि अमोनिया बसायला तिला पुरेसा काळ मिळेल. दसऱ्यानंतर उकिरडा उपसताना तिचा नमुना घेऊन पुन्हा अळिवाच्या बश्या लावायच्या आहेत.